तुरीचा कंटेनर उघडल्यावर डोकं दुखतं. ‘जरा वारा लागू दे’ एवढं पुरे आहे का?

टॅली_उरण

नमस्कार मंडळी. उरणजवळच्या एका सीएफएसमध्ये (बंदरातले कंटेनर ठेवून रिकामे करायचं यार्ड) मी टॅली क्लार्क आहे, आठ महिने झाले. न्हावा शेव्याला उतरलेले कंटेनर आमच्याकडे येतात. सील तोडायचं, माल बाहेर काढायचा, पोती मोजून नोंद करायची, हे माझं काम.

गेल्या मंगळवारी आफ्रिकेतून आलेल्या तुरीचा वीस फुटी डबा लागला होता. दार उघडताच लसणासारखा वास आला. सुपरवायझर म्हणाले, “पाच मिनिटं वारा लागू दे, मग घुसा.” वास गेला, गँग आत गेली. तासाभरात माझं डोकं ठणकायला लागलं. गँगमधल्या एका पोराला उलटी झाली, छातीत जड वाटतं म्हणाला. उन्हाचं झालं असेल म्हणून त्याला सावलीत बसवलं आणि विषय तिथेच मिटला.

पोत्यांच्या फटींत कापडी पुरचुंड्या होत्या, आत राखाडी भुकटी. झाडलोट करणाऱ्याने ती पाणी मारून गटारात लोटली.

वास गेला म्हणजे गॅस गेला का? ती भुकटी कसली? आमच्या ऑफिसात चार गॅस दाखवणारा मीटर आहे, तो लावला तर भागेल का? सुपरवायझरांशी भांडायचं नाहीये, पण उद्या-परवा पुन्हा तसलेच डबे आहेत.

जुना_यार्डवाला

आधी त्या पोराला डॉक्टरकडे ने. मंगळवारी बरं वाटलं म्हणून सोडू नकोस. डब्यात कीड मारायला सोडतात त्या फॉस्फिन गॅसमुळे फुफ्फुसात पाणी साठायला कधी एक-दोन दिवस लागतात, आणि यावर उतारा असा नाही, लक्षणांवरच उपचार करतात. डॉक्टरांना ‘उन्हाचं झालं’ सांगू नकोस, ‘फॉस्फिन’ हा शब्द सांग. डब्याचा नंबर आणि फ्युमिगेशनचं, म्हणजे कीड मारायला गॅस दिल्याचं, सर्टिफिकेट बरोबर ने. तूही तपासून घे.

आता तुझे प्रश्न. ती राखाडी भुकटी म्हणजे अॅल्युमिनियम फॉस्फाईडची राख. धान्याच्या गोदामात कीड मारायला गोळ्या टाकतात ना, तोच माल. हवेतला ओलावा लागला की त्यातून फॉस्फिन निघतो. तीन ग्रॅमच्या एका गोळीतून एक ग्रॅम गॅस. वीस फुटी डब्यात साधारण ३३ घनमीटर जागा असते. हिशेब मांडून बघ, रिकाम्या डब्यात एकच गोळी टाकली तरी वीस पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत गॅसचे वीस भाग) वर जातं. आठ तासांच्या कामासाठी जुनी मर्यादा ०.३ पीपीएम, आणि कामगारांच्या आरोग्यासाठी मर्यादा सुचवणाऱ्या अमेरिकेतल्या एसीजीआयएच संस्थेने ती ०.०५ वर आणून ठेवली आहे. तुझ्या डब्यात गोळ्या एकापेक्षा किती तरी जास्त होत्या, आणि पोत्यांमुळे हवेला जागाही कमी.

वासाचं सांगतो, कारण याच वासाने मला फसवलंय. शुद्ध फॉस्फिनला वास नसतो. लसणासारखा किंवा कुजक्या मासळीसारखा जो वास येतो तो त्यातल्या भेसळीचा, आणि ती भेसळ माल शोषून घेतो. म्हणजे वास नसताना गॅस असू शकतो. मिथाईल ब्रोमाईड, म्हणजे कीड मारायचा दुसरा गॅस, तर त्याहून वाईट, मारण्याइतका असला तरी नाकाला कळत नाही. तो हवेपेक्षा तिपटीहून जड, दार उघडलं तरी तळाशी बसून राहतो. मी यार्डात एकतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची चौदा सेफ्टीत. सुरुवातीच्या काळात एका डब्यात असाच ‘वास नाही’ म्हणून आधी मी शिरलो आणि माझ्यामागून माझा जोडीदार. मी दाराजवळ होतो, तो आत टोकाला. त्याला दोन्ही काखांत धरून बाहेर ओढलं तेव्हा त्याच्या बुटांच्या टाचा फळीवर घासत होत्या. तो आवाज अजून कानात आहे. तो वाचला, पण पुन्हा त्याने डब्याचं काम केलं नाही.

तुझा चार गॅसवाला मीटर ऑक्सिजन, ज्वालाग्राही वायू, कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन सल्फाईड बघतो. फॉस्फिन त्यात नाही. तो हिरवा दिवा दाखवेल आणि तुम्ही आत जाल, म्हणून या कामाला तो मीटर नसलेलाच बरा. फॉस्फिनचा वेगळा सेन्सर लागतो, मिथाईल ब्रोमाईडचा वेगळा. आणि मोजायचं दार उघडायच्या आधी. दाराच्या रबरी गॅसकेटमधून बारीक नळी आत सरकवायची, खालच्या बाजूने, आणि आकडा बघायचा. आकडा असेल तर दोन्ही दारं सताड उघडायची, पाइपवाला पंखा पार टोकापर्यंत लावायचा, वारा जिकडे वाहतोय त्या बाजूला माणूस ठेवायचा नाही. मग परत मोजायचं. निम्मा माल काढल्यावर पुन्हा, कारण पोत्यांत अडकलेला गॅस हळूहळू बाहेर येतो.

सील तोडण्याआधी डब्याभोवती एक फेरी मारत जा. बाजूच्या पत्र्यावर वरच्या अंगाला छोटी हवेची भोकं असतात. फ्युमिगेशनवाले ती चिकटपट्टीने बंद करतात आणि पुढे कोणी काढत नाही. पट्टी दिसली की समज, कागद काहीही म्हणोत. दारावर कवटीचं चिन्ह, औषधाचं नाव, तारीख आणि वेळ असलेला फलक हवा, यूएन ३३५९ म्हणतात त्याला. हवा खेळवून झाली असेल तर तीही तारीख त्यावर असते. पण समुद्रप्रवासात फलक फाटतात, कधी मुद्दाम काढतात. फलक नाही म्हणून गॅस नाही, असं धरू नकोस. लाकडी पॅलेटवरच्या ‘एमबी’ शिक्क्यानेही गोंधळू नकोस. तो लाकडाला पूर्वी मिथाईल ब्रोमाईड दिलं होतं एवढंच सांगतो, आजच्या हवेबद्दल काही सांगत नाही.

पनवेलकर_७७

एन-९५ लावून पटकन आटपलं तर? आमच्याकडे तसंच करतात.

जुना_यार्डवाला

नाही. एन-९५ धूळ अडवतो, वायू नाही. मास्क लावला की माणूस निर्धास्त होऊन आणखी आत जातो.

मोऱ्याची_लेक

टॅली दादा, तुमच्या गटाराबद्दल लिहिते. आमचं घर मासेमारीवर चालतं. तुमच्याकडचे नाले शेवटी खाडीलाच मिळतात. ओहोटीला बायका तिथेच खारफुटीत चिंबोऱ्या आणि निवट्या धरायला उतरतात, गुडघाभर चिखलात. बंदर १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून चिखल कमी झाला, तिवरं कमी झाली. जे उरलंय त्यात तरी विष येऊ नये. ७ ऑगस्ट २०१० ला मुंबई बंदराच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया-३ या बोटींची टक्कर झाली, कंटेनर समुद्रात पडले, काहींत कीटकनाशकं होती, तेल किनाऱ्याला लागलं. आई टोपली घेऊन बाजारात बसायची आणि गिऱ्हाईक टोपलीत बघून पुढे जायचं. त्या वेळी सगळ्या जगाचं लक्ष होतं. तुमची मूठभर भुकटी रोज गेली तर कोण बघणार आहे?

जुना_यार्डवाला

ताईंचं अगदी खरं आहे, आणि मी ते आधी लिहायला हवं होतं. राखेत गोळीचा गॅस न झालेला भाग उरलेला असतो. त्यावर पाणी मारलं की गॅस पुन्हा निघतो, तोही लादीखालच्या बंद गटारात. तिथे तो साठतो आणि पेटूही शकतो. पुरचुंड्या कोरड्याच गोळा करायच्या, मोजायच्या, उघड्या तोंडाच्या भांड्यात, इमारतीबाहेर मोकळ्या हवेत, पावसापासून लांब ठेवायच्या. झाकण लावून बंद करायच्या नाहीत. ज्या परवानाधारकाने फ्युमिगेशन केलं तो किंवा इथला परवानाधारक त्या निष्क्रिय करेल. उरलेलं घातक कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांप्रमाणे, फॉर्म १० (कचरा नेण्याची नोंद) भरून, तळोज्याच्या घातक कचरा केंद्रात जायला हवं. तुझ्या मॅनेजरला हा फॉर्म माहीत असतो, त्यालाच विचार.

टॅली_उरण

काका, ताई, आभार. पोराला काल दाखवलं. एक्स-रे काढला, आज पुन्हा बोलावलंय. आता जेवतोय.

सुपरवायझरांना एकट्याने नाही सांगितलं, मुकादमांना बरोबर घेतलं. मुकादम सरळ म्हणाले, मोजल्याशिवाय माझी गँग चढणार नाही. शेजारच्या सीएफएसमधून फॉस्फिनचा मीटर मागून आणला. आजचा डबाही तुरीचाच होता. फलक नव्हता, पण हवेच्या भोकावर तपकिरी पट्टी होती, काका म्हणाले तशीच. गॅसकेटमधून नळी घातली, ४.२ पीपीएम. दोन्ही दारं उघडली, पंखा लावला, दीड तासाने ०.३. सुपरवायझर म्हणाले झालं. मी म्हटलं अजून थांबू. जेवण आटोपून आलो तेव्हा ०.०० होता. अर्धी पोती उतरल्यावर परत ०.१२ दाखवला, मग गँग खाली उतरवली आणि आणखी एक तास गेला. डबा संपेपर्यंत साडेपाच वाजले, त्यावरून ऑफिसात ओरडा बसला.

पुरचुंड्या एकोणीस निघाल्या. मालाबरोबरच्या कागदावर वीस लिहिल्यात. एक पोत्यात अडकून गोदामात गेली असेल का? उद्या सकाळी ती शोधायला कुठून सुरुवात करू?

जुना_यार्डवाला

रात्रीच गोदामवाल्याला फोन कर. त्या लॉटची पोती वेगळी काढून छपरीत ठेवायला सांग आणि गोदामाची दारं उघडी ठेवायला सांग. आज तिथे वॉचमन झोपतो का, ते आधी विचार.