शब्दचर्चा: मत्स्यटाकीतल्या ‘ओव्हरफ्लो’ला काय म्हणावं?

सहा फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट उंच अशी काचेची मत्स्यटाकी घरात बसवतो आहे. काठोकाठ भरली तर ६८० लिटर, म्हणजे नुसतं पाणीच ६८० किलो. खालच्या कपाटात दुसरी, लहान टाकी. वरच्या टाकीच्या कोपऱ्यात एक उभी पेटी आहे. तिच्या दातेरी काठावरून पाणी पेटीत पडतं, तिथून पाइपाने आपसूक खाली येतं, गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. हे अहोरात्र चालतं. रचना सरळ आहे, पण तिच्यासाठीचे शब्द आपल्याकडे गोंधळाचे आहेत आणि त्यापायी माझी अख्खी खोली भिजली.

मी नळकामाला आलेल्या दादांना म्हणालो, “कोपऱ्यातल्या पेटीत ओव्हरफ्लोचं भोक आहे, तिथून पाइप खाली काढा.” त्यांनी पाऊण इंची पाइप लावला. त्यांना दोष देत नाही. गच्चीवरच्या टाकीचा ओव्हरफ्लो एरवी कोरडाच असतो, बॉलकॉक बिघडला तरच वाहतो. त्यांनी तोच अर्थ घेतला. माझ्या पाइपातून मात्र ताशी ४००० लिटर पाणी सतत उतरायला हवं होतं. पंप सुरू केला, दातेरी काठावरून पाणी पेटीत पडू लागलं, पेटी भरली, मग टाकी चढत गेली आणि पुढच्या काचेवरून पाणी वाहू लागलं.

मराठीत ‘ओव्हरफ्लो झाला’ म्हणजे काहीतरी बिघडलं, मोटर बंद करा. इथे तो रोजच्या कामाचा भाग आहे. ‘सांडवा’ कसा वाटतो?

*

शब्द आवडला, पण जपून वापरा. पाटबंधाऱ्याच्या कामात बरीच वर्षं होतो म्हणून सांगतो. धरणातलं रोजचं पाणी विमोचकातून सोडतात. सांडव्यावरून जातं ते जास्तीचं, पुराचं. म्हणजे अडचण तीच राहिली. शिवाय सांडणं म्हणजे वाया जाणं: दूध सांडतं, सांडपाणी गटाराला जातं. तुमचं पाणी तर पुन्हा वर येणार.

तरीही त्या दातेरी काठाला मी सांडवाच म्हणेन. टाकीत पाणी कुठवर राहणार हे पंपावर ठरत नाही, पाइपावरही नाही. ते काठाच्या उंचीवर ठरतं. हा अर्थ ‘सांडवा’ शब्दात आहे, ‘ओव्हरफ्लो’त नाही. काठापुरता तो ठेवा, खालच्या पाइपाला दुसरं नाव द्या.

*

पाइपासाठी मी सुचवते. माझा धंदाच नळकामाचा. ‘चढता पाइप’ आणि ‘उतरता पाइप’ म्हणा, कालच कामाला लागलेल्या पोरालाही कळेल. ‘रिटर्न’ मात्र म्हणू नका. रिटर्न म्हटलं की पाणी खाली परत येतं ती लाइन आमच्या डोळ्यांसमोर येते. मत्स्यटाकीवाले वर जाणाऱ्या लाइनला रिटर्न म्हणतात. दोन्ही बरोबर, आणि म्हणूनच धोक्याचं.

काचेच्या भोकात पाइप बसवायला जो जोड लागतो त्याला ‘बल्कहेड’ म्हणत बसू नका, ‘टँक निपल’ मागा. वॉशर नटाच्या बाजूला नाही, कॉलरच्या बाजूला येतो.

आणि ‘व्हॉल्व्ह’साठी आपल्याकडे दोन शब्द आहेत, ते वेगळे ठेवा. हाताने फिरवायची ती चावी. पाण्याच्या जोराने आपली आपण उघडते-मिटते ती झडप, हृदयात असते तशी. इंग्रजीत दोन्हींना एकच शब्द. आता चावीतही दोन प्रकार. बॉल व्हॉल्व्ह पाव फेऱ्यात पूर्ण बंद होतो; गेट व्हॉल्व्हला बरेच फेरे लागतात. उतरत्या पाइपाचा प्रवाह केसभर कमी-जास्त करायचा असेल तर फेऱ्यांची चावी घ्या. पाव फेऱ्याच्या चावीला बोट लागलं तरी पातळी बदलते.

*

ताई, चढता-उतरता पटलं. पण वीज गेली की चढत्या पाइपातूनच पाणी उतरतं. मग नाव खोटं नाही का पडत?

*

तेवढ्यापुरतं पडतं, आणि मला तोच क्षण महत्त्वाचा वाटतो. (टाकी माझी, म्हणून मीच उत्तर देतो.) चढत्या पाइपाचं तोंड टाकीत पाण्याखाली असतं. पंप थांबला की पाइपच सायफन होतो आणि तोंड उघडं पडेपर्यंत पाणी खाली ओढतो. माझ्या टाकीत एक सेंटिमीटर पातळी म्हणजे जवळपास ११ लिटर. तोंड पाच सेंटिमीटर खोल असेल तर ५५ लिटर खालच्या टाकीत उतरतात, आणि तिथे तेवढी जागा रिकामी नसेल तर ते कपाटातून बाहेर येतात.

यावर उपाय म्हणजे पाण्याच्या पातळीच्या किंचित खाली पाइपाला एक बारीक भोक. पातळी तिथवर आली की भोकातून हवा आत शिरते आणि ओढ संपते. एक सेंटिमीटरवर भोक पाडलं आणि ५५ लिटरचं काम ११ वर आलं. झडपही बसवता येते, पण तिच्यात रेतीचा एक कण अडकला तरी ती पुरती मिटत नाही. मी भरवसा भोकावर ठेवतो आणि त्यात शेवाळ धरलं नाही ना, हे दर आठवड्याला काडी घालून बघतो.

या भोकाला ‘उच्छ्वास’ म्हणायचं माझ्या मनात आहे. जुन्या भुयारी नळांवर हवेसाठी बांधलेल्या मनोऱ्यांना उच्छ्वास म्हणत. काम तंतोतंत तेच नाही, पण नळाला हवा लागते ही जाण त्या शब्दात आहे.

*

उच्छ्वास म्हणजे बाहेर सोडलेला श्वास. तुमचं भोक हवा आत घेतं. तरी रूढ शब्द म्हणून घ्यायला हरकत नाही. ‘सायफन’ मात्र तसाच राहू द्या. पुस्तकातली ‘वक्रनलिका’ ही वस्तू झाली, इथे घडतंय काय ते सांगायचं आहे. सायफन लागला, सायफन तुटला, हे बोलण्यात आहेच. आणि तुटतो का, तर नळीने हवा धरली म्हणून. विहिरीवरची मोटर हवा धरते हे शेतात कुणालाही विचारा.

*

‘हवा धरणे’ घेतलं, आणि उच्छ्वासाबद्दलचं म्हणणंही मान्य. नवीन जुळणीत पेटीतून दोन पाइप उतरतात. एक दीड इंची, फेऱ्यांच्या चावीचा, पूर्ण भरून वाहणारा. दुसऱ्याचं तोंड त्याहून वर, कोरडं. पहिल्यात गोगलगाय किंवा पान अडकलं तरच त्यात पाणी यायचं. दोन पाइपांच्या या रचनेला परदेशी हौशी मंडळी ‘हर्बी’ म्हणतात, पण त्या नावावरून पाणी काय करतं ते कळत नाही. दोन्ही पाइपांवर मार्करने नावं लिहिली आहेत. पहिल्यावर ‘उतरता’. दुसऱ्यावर ‘ओव्हरफ्लो’, कारण गच्चीवरच्या टाकीचा अर्थ इथे अगदी बरोबर बसतो. त्यात पाणी दिसलं तर घरातलं कुणीही समजेल की काहीतरी अडकलं आहे.