सोळा वर्षांचा हिशोब आणि ते 'अपग्रेड करा'चं बटण

ठाणे_स्लो

मंडळी, सल्ला हवाय, भांडण झालं तरी चालेल. २००९ पासून घरचा सगळा हिशोब एका सॉफ्टवेअरमध्ये ठेवतोय. नाव मुद्दाम देत नाही, जाहिरात नको आणि बदनामीही नको. तेव्हा एकदाच पैसे भरून सीडी घेतली होती लॅमिंग्टन रोडवरून, तीही बिलासकट (हसू नका). पगार, एलआयसी, सोसायटीचा मेन्टेनन्स, पीपीएफ, बायकोच्या एसआयपी (म्युच्युअल फंडाचे दरमहाचे हप्ते), आईचं पोस्टातलं एमआयएस (मासिक उत्पन्न योजना), सगळं त्यात. आता १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला म्हणून विंडोज ११ चा नवा लॅपटॉप आणला, तर त्यावर हे जुनं व्हर्जन उघडतं, पण रिपोर्ट प्रिंट करायला गेलं की गपकन बंद. कंपनी म्हणते नवीन व्हर्जन घ्या, वर्षाला साडेतीन हजार. म्हणजे विकत नाहीच, भाड्याने.

माझं मत आधीच सांगतो, नाही घ्यायचं. माझाच हिशोब बघायला मी भाडं का भरू? लहानपणी पागडीच्या खोलीत राहिलोय, पण तिथे घरमालक दरवर्षी दरवाजा हलवून दुसऱ्या भिंतीत बसवत नव्हता. हे लोक मेन्यू बदलतात आणि त्याला फीचर म्हणतात.

पार्लेकर

असहमत. साडेतीन हजार म्हणजे दिवसाला दहा रुपये पण नाहीत, तेवढ्यात वडापाव येत नाही हो आता. आणि मेन्यूचं सोडा, कायदे बदलतात त्याचं काय? २३ जुलै २०२४ च्या बजेटमध्ये शेअर आणि इक्विटी फंडाच्या नफ्यावरचा लाँग टर्मचा (वर्षाहून जास्त ठेवून विकल्यावरचा) टॅक्स १० वरून १२.५ टक्के झाला, शॉर्ट टर्मचा १५ वरून २०, करमुक्त मर्यादा एक लाखावरून सव्वा लाख, आणि ते पण वर्षाच्या मधेच, म्हणजे त्या एका वर्षात आधी विकलेलं वेगळं आणि नंतर विकलेलं वेगळं. तुमच्या २००९ च्या सीडीला हे कोण सांगणार? हातानं करत बसाल जुलैमध्ये, रिटर्न भरताना.

शून्य_शिल्लक

"दिवसाला दहा रुपये" ही सेल्समनची भाषा झाली पार्लेकर 😀 सोळा वर्षांचे छप्पन्न हजार होतात हे पण लिहा की. आणि टॅक्ससाठी सॉफ्टवेअर कशाला? कॅम्स आणि केफिनटेक या फंडांच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपन्यांच्या साइटवर पॅन आणि ईमेल टाकला की कॅपिटल गेनचं, म्हणजे विक्रीतल्या नफ्याचं, स्टेटमेंट फुकट मेलवर येतं, ३१ जानेवारी २०१८ च्या भावाचं ते ग्रँडफादरिंग (त्या दिवसापर्यंतचा नफा करातून वगळणं) पण त्यातच करून. शेअरचं ब्रोकर देतो. उरला काय, भाजी आणि दूध. त्याला एक्सेल पुरतं, खरं तर वही पुरते. माझे वडील कालनिर्णयवर दुधाचा खाडा लिहायचे, त्यांची सिस्टिम कधी क्रॅश झाली नाही.

फोर्टचा_कारकून

सीएच्या ऑफिसात काम करतो म्हणून मधे बोलतो. शून्यभाऊ, फंडांपुरतं तुमचं बरोबर आहे. शेअरचं नाही. लोक जुना डीमॅट बंद करतात, शेअर नवीन ब्रोकरकडे ट्रान्सफर करतात, आणि नव्या ब्रोकरकडे खरेदीचा भावच नसतो. रिपोर्टमध्ये कॉस्ट शून्य किंवा कोरी. मग दर जुलैला आमच्याकडे रांग, साहेब २०११ मध्ये केव्हढ्याला घेतला होता आठवत नाही, कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरची खरेदीची पावती) पावसात भिजली. वर मधे बोनस (कंपनीने फुकट दिलेले जादा शेअर) आला असेल, एकाचे दोन स्प्लिट झाले असतील, तर आणखी गोंधळ, कारण बोनसची खरेदी किंमत बहुतेक शून्यच धरतात आणि विकताना आधी घेतलेले शेअर आधी विकले असं धरायचं असतं.

म्हणून ठाणेकर, तुमच्याकडे खरी किमती वस्तू कुठली असेल तर तो सोळा वर्षांचा डेटा. सॉफ्टवेअर घ्या, न घ्या, पण डेटा बाहेर काढा आधी. जुन्या लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सिक्युरिटी अपडेट मिळू शकतात, तेवढी मुदत आहे तुम्हाला.

पार्लेकर

बघा, म्हणजे अपग्रेडच! नवीन व्हर्जन जुनी फाइल जशीच्या तशी उघडतं, एक क्लिक. बाहेर काढणं, साफ करणं, हा सगळा शनिवार-रविवार कोणाचा जाणार?

शून्य_शिल्लक

आणि पुढच्या वर्षी भाडं नाही भरलं तर? फाइल फक्त वाचता येते की तेही नाही, हे आधी विचारा त्यांना. कंपन्यांचा भरवसा कशाला सांगता, मायक्रोसॉफ्ट मनी हे हिशोबाचं सॉफ्टवेअर आठवतं का? खुद्द मायक्रोसॉफ्टचं, तरी २००९ मध्ये विक्री बंद केली. जाताना फुकट 'सनसेट' आवृत्ती तरी देऊन गेले २०१० ला. अमेरिकेतलं मिंट हे खर्चाचं अ‍ॅप २०२४ च्या मार्चमध्ये गुंडाळलं, ते तर फुकटच होतं.

सकाळची_८_०५

सगळे पुरुष २००९ मध्येच अडकलेत असं वाटतंय 🙄 अहो, एंट्री कोण टाइप करतं आता? मी ट्रेनमध्ये बसायच्या आधी चार यूपीआय करते. चहा, रिक्षा, फुलं, कटिंग परत. स्टेटमेंटमध्ये काय येतं, तर लांबलचक नंबर आणि एका माणसाचं नाव, ज्याला मी ओळखत नाही, कारण चहावाल्याचा क्यूआर त्याच्या मेहुण्याच्या नावावर आहे. हे सगळं हातानं लिहायचं म्हणजे रात्रीची झोप गेली. मला असं हवं की बँकेतून आपोआप यावं आणि एकदा "चहा" सांगितलं की पुढच्या वेळी त्याला कळावं. अकाउंट अ‍ॅग्रीगेटर आहेत ना, बँकेतला डेटा अ‍ॅपपर्यंत पोचवणारे, रिझर्व्ह बँकेची मान्यता असलेले, सप्टेंबर २०२१ पासून चालू. तुम्ही परवानगी देता, किती दिवसांसाठी ते ठरवता, नको झालं तर काढून घेता. मधला माणूस तुमचा डेटा वाचू शकत नाही, फक्त पोचवतो. ही सोय असलेलं काहीही घ्या, साडेतीन हजार मी देईन, झोपेचे पैसे समजून.

शून्य_शिल्लक

ताई, मधला वाचत नाही हे खरं, पण पलीकडचं अ‍ॅप वाचतंच की, त्याच्यासाठीच तर पाठवलं. मग लोनचे मेसेज सुरू.

चर्चगेटवाला

हिशोबाचं सॉफ्टवेअर म्हणून कुणीच जीएनयूकॅश बोललं नाही? फुकट, ओपन सोर्स, १९९८ पासून चालू. रुपये चालतात, म्युच्युअल फंडाचे एनएव्ही (युनिटचे भाव) अ‍ॅम्फी या फंडांच्या संघटनेकडून ओढून आणता येतात (पण विंडोजवर त्यासाठी पर्ल ही प्रोग्रॅमिंगची भाषा इन्स्टॉल करायला लागते, तिथे थोडं डोकं फिरतं). दुहेरी नोंद पद्धत आहे, प्रत्येक रुपया कुठून निघाला आणि कुठे गेला हे दोन्हीकडे लिहायचं. कॉमर्सवाल्यांना घरच्यासारखं वाटेल, इंजिनिअरांना पहिला आठवडा जड जाईल. दिसायला सरकारी फॉर्मसारखं आहे, खोटं नाही बोलणार.

ठाणे_स्लो

वा, एवढे रिप्लाय! कारकूनसाहेबांचं ऐकून काल रात्री जुना लॅपटॉप काढला (बॅटरी पुरणपोळीसारखी फुगलीय, चार्जर लावूनच चालतो) आणि एका वर्षाचा डेटा क्यूआयएफ या जुन्या फाइल फॉरमॅटमध्ये काढून जीएनयूकॅशमध्ये टाकून बघितला. बायको म्हणाली, जेवून घे आधी. नाही ऐकलं.

झालं असं, की बँकेची शिल्लक बरोब्बर साठ हजारांनी कमी. अर्धा तास डोकं धरून बसलो. मग दिसलं, पाच हजारांची एसआयपी दोनदा धरली, एकदा बँकेच्या खात्यातून निघाली म्हणून आणि एकदा फंडाच्या खात्यात आली म्हणून, असे बारा हप्ते. शिवाय तारखा अमेरिकन पद्धतीने, म्हणजे ३ एप्रिलचा मेन्टेनन्स ४ मार्चला जाऊन बसला आणि आर्थिक वर्षच बदललं. हे तर एका वर्षाचं, अजून पंधरा बाकी.

पार्लेकर, एक क्लिकची किंमत मला काल कळली, मान्य करतो. तरी भाडं नाही भरणार. ३१ मार्चपर्यंत जुन्या लॅपटॉपवर जुनंच, वायफाय बंद करून. १ एप्रिलपासून जीएनयूकॅशमध्ये कोरी सुरुवात, फक्त सुरुवातीची शिल्लक आणि शेअरच्या खरेदीच्या तारखा-भाव हातानं. मागचं सगळं वर्षवार पीडीएफ करून दोन पेनड्राइव्हवर, एक बहिणीकडे डोंबिवलीला.

पार्लेकर

जुलैमध्ये फोन करा, बोलू 😀

सकाळची_८_०५

आणि चहाचं काय?

ठाणे_स्लो

चहा "किरकोळ" खात्यात, महिन्याला एकच एंट्री. आणि ती फुगलेली बॅटरी कोण बदलून देईल ठाण्यात? लॅमिंग्टन रोडवाला म्हणतो हे मॉडेल आता येत नाही, अपग्रेड करा.