आरएनए एक्झोसोमला कुठे थांबायचं ते कळतं कसं? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, एमएस्सी बायोकेमिस्ट्रीला आहे आणि सेमिनारसाठी आरएनए एक्झोसोम घेतलाय. पेशी बाहेर सोडतात त्या पिशव्यांचे एक्झोसोम नाही हां, मी म्हणतेय ते १९९७ साली यीस्टमध्ये सापडलेलं, आरएनए ३' टोकाकडून (म्हणजे धाग्याच्या शेवटाकडून) कुरतडणारं प्रोटीन्सचं कॉम्प्लेक्स.

रचना कळलीये. सहा प्रोटीन्सची रिंग, वर तिघांची टोपी, मधून आरपार बोगदा. यीस्टमध्ये आणि माणसात या नऊजणांपैकी कोणीच कापत नाही, कापतो तो रिंगच्या खाली चिकटलेला आरआरपी४४, आणि न्यूक्लियसमध्ये वरच्या बाजूला आरआरपी६ असतो तो. आर्कियात (बॅक्टेरियासारखे दिसणारे पण वेगळ्या गटातले एकपेशीय जीव) मात्र ती रिंगच कापते, हे वाचून मी थक्क झाले.

आता अडलंय कुठे ते सांगते. हेच कॉम्प्लेक्स बिघडलेला आरएनए पार संपवून टाकतं आणि रायबोसोमच्या ७एस आरएनएचं (म्हणजे ५.८एस या तयार आरएनएचं आधीचं, लांब शेपूट असलेलं रूप) मात्र फक्त शेपूट छाटून ५.८एस शाबूत ठेवतं, असं का? आरआरपी६ चं जीन काढलेल्या यीस्टमध्ये ५.८एस ला साधारण ३० न्यूक्लिओटाइडचं (आरएनएच्या ३० मण्यांचं) शेपूट तसंच उरतं, आणि बोगद्याच्या तोंडापासून आरआरपी४४ च्या पात्यापर्यंत मावणारा आरएनए पण तीसच्या थोडा वरच भरतो! म्हणजे कडबाकुट्टीत धाट घातलं आणि बुडख्याचा गड्डा तोंडाशीच अडकला तर तोंड ते पातं एवढा तुकडा न कापता राहणारच, तसंच इथे रायबोसोमचा घट्ट दुमडलेला भाग तोंडाशी अडत असणार, असं मला वाटतंय. बरोबर आहे का?

आणि बरोबर असेल तर ते बोगद्यात गेलेलं शेपूट, उरलेलं छाटून घ्यायला, परत वर आरआरपी६ कडे जातं कसं? आरएनए मागे सरकतो, की एक्झोसोम त्याला सोडून नव्याने पकडतो? दुसरं म्हणजे एमटीआर४ हेलिकेज (आरएनएच्या घड्या उलगडणारं एन्झाइम) दोन्ही कामांत लागतं, बिघडलेल्या आरएनएला ए-शेपटी (नुसत्या ए न्यूक्लिओटाइडची) लावणाऱ्या ट्रॅम्प कॉम्प्लेक्समध्ये पण तेच आणि ७एस ला पण तेच, मग 'हा संपवायचा, हा नुसता छाटायचा' हे ठरतं कुठे?

मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरमध्ये डीआयएस३ म्हणजे माणसातल्या आरआरपी४४ चं म्युटेशन सापडतं, ते शेवटच्या स्लाइडवर घेणारे, पण त्याआधी हा मधला भाग पक्का समजून घ्यायचाय. आरएनएवर काम करणारं कोणी इथे असेल तर प्लीज सविस्तर लिहा, कागदावर काढलेल्या आकृतीचा फोटो टाकलात तरी खूप मदत होईल.