निपाणीत केलेले दिवस 90 मध्ये धरतात का? मदत हवी आहे

मंडळी, आमचे मामा कागलचे, गवंडी. वय 58. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करायचीय. वयाची अट 18 ते 60, म्हणजे हातात दोनच वर्षं. गेल्या वर्षभरात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो. इकडचे दिवस भरतात साठ, बाकीचं सगळं काम निपाणीत, म्हणजे हद्दीपलीकडं कर्नाटकात. कायदा केंद्राचा, मंडळं मात्र राज्याराज्यांची! तिकडचा ठेकेदार दाखला द्यायला तयार आहे, पण तो इथं चालतो का?

एक एजंट म्हणतो, दोन हजार द्या, नव्वद करून देतो. तसलं नको.

ई-श्रम कार्ड (असंघटित कामगारांच्या केंद्राच्या नोंदणीचं) आहे, पण ते वेगळं. आणि अनुभवावर परीक्षा घेऊन गवंड्याला कौशल्य प्रमाणपत्र देतात, ते कोल्हापुरात कुणी काढलंय का? त्यानं रोजची मजुरी वाढते का?