झांकीवाल्यांवर माहितीपट करायचाय, ८० हजारांत कॅमेरा कोणता घेऊ?

चिमणबागवाली:

नमस्कार मंडळी. मी इंदूरची, शाळेत शिकवते. माझ्या आईचे वडील हुकुमचंद मिलमध्ये होते. मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली, कामगारांच्या थकबाकीचा तिढा सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला, पण अनंत चतुर्दशीची झांकी, म्हणजे दिव्यांचा, हलत्या मूर्तींचा चित्ररथ, कामगारांनी चालू ठेवली. हुकुमचंद, मालवा, कल्याण, राजकुमार, स्वदेशी, या मिलांच्या झांक्या अजूनही रात्रभर रस्त्यावर असतात. त्या बनवणाऱ्यांपैकी बरेचजण आता सत्तरीपार आहेत. त्यांच्यावर वीसेक मिनिटांचा माहितीपट करायचा मनात आहे. त्यांच्याशी गप्पा, शेडमधलं काम आणि शेवटी मिरवणुकीची रात्र.

हाताशी ८० हजार आहेत. मोबाइल बरा आहे, लॅपटॉप १६ जीबी रॅमचा. मामेभाऊ म्हणतो फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरचा कॅमेरा) घे, नाहीतर रात्रीचं काही दिसणार नाही. दुकानदार डीएसएलआरचा जुना संच गळ्यात मारू पाहतोय. मला फोटोग्राफी थोडीफार येते, व्हिडिओ अजिबात नाही. कुणी सांगाल का, पैसे नेमके कशात घालू?

रात्रपाळी:

ताई, मी इंदुरातच लग्नं आणि कार्यक्रम शूट करतो, झांक्यांची रात्रही बऱ्याचदा केली आहे. तुमचा विषय वाचून राहवलं नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्हाला दोन वेगळी कामं करायची आहेत आणि त्या दोन्हींसाठी एकच कॅमेरा शोधताय, घोळ तिथे होतोय. म्हाताऱ्या माणसांशी गप्पा आणि शेडमधलं काम वर्षभर चालेल, तेही दिवसाउजेडी किंवा ट्यूबलाइटखाली. मिरवणूक मात्र वर्षातून एकच रात्र. त्या एका रात्रीसाठी फुल फ्रेम विकत घेणं म्हणजे एका पंगतीसाठी भांड्यांचं दुकान घेणं. रात्रीचा कॅमेरा भाड्याने आणा. आपल्याकडे लग्नाच्या कामासाठी भाड्याने देणारे पुष्कळ आहेत आणि गणपतीच्या दिवसांत लग्नं नसतात, त्यामुळे वस्तू मिळते. सोनी ए७ एस ३ मिळाला तर डोळे झाकून घ्या. त्याचं सेन्सर फक्त १२ मेगापिक्सेलचं आहे, म्हणून फोटोवाले नाक मुरडतात, पण अंधारात त्याच्याइतकं स्वच्छ चित्र देणारे कॅमेरे थोडेच आहेत. एक दिवस आधी आणा, म्हणजे हात बसेल.

विकत घ्यायचा तो वर्षभराचा कॅमेरा. सोनीचा झेडव्ही-ई१० बघा, २०२१ चा आहे, सेकंडहॅंड चांगल्या स्थितीत मिळतो. त्यात माइकचं भोकही आहे आणि हेडफोनचंही. कॅननचा आर५० रंगाला छान आणि हाताळायला सोपा, पण हेडफोन लावायची सोय नाही. मुलाखत घेताना आवाज कानाने ऐकल्याशिवाय बसायचं नाही, एवढं पाळा. माझा कल म्हणून सोनीकडे. त्याच्या उणिवाही ऐकून ठेवा: कॅमेरा भर्रकन फिरवला की खांब वाकडे दिसतात, त्यात व्ह्यूफाइंडर नाही म्हणून उन्हात पडदा दिसत नाही, आणि त्याची एनपी-एफडब्ल्यू५० बॅटरी छोटी आहे. व्हिडिओ करताना ती भराभर उतरते. दोन जास्तीच्या ठेवा. घरात बसून शूट करत असाल तर पॉवर बॅंकेवर चालतो, हे फार कामाचं. मेनूत तापमानाची मर्यादा ‘हाय’ करून ठेवा, नाहीतर ४के (जास्त बारकाव्यांचा व्हिडिओ) करताना गरम होऊन मध्येच बंद पडेल.

डीएसएलआर घेऊ नका. त्यातले बरेचसे अर्ध्या तासाच्या आत रेकॉर्डिंग आपोआप थांबवतात, आणि झांकीवाल्या बाबांची गोष्ट रंगात आलेली असते तेव्हाच ते होतं.

आता लेन्स. सोबत येणारी १६-५० ची लेन्स ५० वर नेली की एफ ५.६ होते (एफचा आकडा जितका लहान तितका उजेड जास्त). सिग्माची ३० मिलिमीटर एफ १.४ लावली तर त्याच्या १६ पट उजेड आत येतो. मिलच्या शेडमध्ये एकाच बल्बखाली एखादे बाबा हनुमानाच्या हाताला तार गुंडाळत बसलेले असतील, तिथे ही एकच लेन्स तुमचं चित्र वाचवेल. ही जुनी घेतलीत तरी चालेल, फक्त टॉर्च मारून आत बुरशी नाही ना ते बघा. आपल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लवकर धरते. घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवत जा.

आणि भिया लोक रील बघून गिंबल (चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा) घ्यायला सांगतील. नका घेऊ. चांगल्या फ्लुइड हेडचा, म्हणजे कॅमेरा धक्का न देता फिरवणारा, ट्रायपॉड घ्या. म्हाताऱ्या हातांचं काम स्थिर कॅमेऱ्यातूनच बघावं.

सुरबहार:

रात्रपाळी दादांचं कॅमेऱ्याचं पटलं. आवाजाचं मी सांगते. मी मराठी नाटकांच्या प्रयोगांना आवाज सांभाळते आणि अशा मुलाखतींचं रेकॉर्डिंगही करते.

ताई, तुमच्या माहितीपटात सगळ्यात मोलाचा आहे तो त्या माणसांचा आवाज. चित्र थोडं दाणेदार आलं तर बघणारा सांभाळून घेतो. शब्द कळला नाही तर तो उठून जातो. म्हणून ८० हजारांतले दहा-पंधरा तरी आवाजाला बाजूला काढा.

मुलाखतीला वायरचा कॉलर माइक घ्या. बोया बीवाय-एम१ अगदी स्वस्त आहे, वायर सहा मीटर लांब. वायरलेस दिसायला सुटसुटीत, पण बहुतेक स्वस्त संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. गर्दीत शेकडो मोबाइल त्याच पट्ट्यात गजबजलेले असतात, मग आवाज तुटतो. घरात बसलेल्या माणसाला वायर असली म्हणून काय बिघडतं? बोयाच्या डबीतला छोटा सेल मात्र निघण्यापूर्वी बदला, आणि माइकवरचं स्विच मोबाइल की कॅमेरा कशावर आहे ते बघून घ्या.

माइक लावायची जागा महत्त्वाची. बाबा सदरा घालून बसले असतील तर दुसऱ्या बटणाशी, छातीच्या मधोमध. आजी असतील तर पदराला लावू नका, त्या बोलता बोलता दहादा पदर सावरतात आणि प्रत्येक वेळी खरखर येते. पदराच्या आत, ब्लाउजच्या काठाला लावायला त्यांच्याच सुनेला सांगा. साडी सिंथेटिक असेल तर ‘आज सुती नेसाल का’ असं आधल्या दिवशी फोनवर विचारा, आनंदाने नेसतात. बांगड्या काढायला मात्र मी कधी सांगत नाही. हात मांडीवर ठेवायला सांगते, तेवढ्याने भागतं.

परदेशीपुऱ्याकडची मिल कामगारांची घरं छोटी आहेत, भिंती कोऱ्या, आवाज घुमतो. समोरच्या भिंतीवर दोरी बांधून दोन गोधड्या टांगा, कॅमेऱ्याच्या मागे, चित्रात दिसणार नाहीत. पंखा बंद, फ्रिज बंद, कुकर नंतर. गप्पा संपल्या की कुणालाही उठू न देता त्या खोलीची नुसती शांतता अर्धा-एक मिनिट रेकॉर्ड करा. एडिटिंगमध्ये वाक्यं कापाल तिथे हीच शांतता मध्ये भरायची असते, नाहीतर प्रत्येक कापाला कानाला धक्का बसतो.

मिरवणुकीच्या रात्रीसाठी झूमचा एच१ इसेन्शियल बघा, २०२४ मध्ये आला. तो ३२-बिट फ्लोटमध्ये रेकॉर्ड करतो, म्हणजे लेव्हल लावत बसायला नको. ढोल अचानक अंगावर आले तरी नंतर आवाज खाली आणता येतो. पण ढोलाला चिकटून उभ्या राहिलात तर माइकमध्येच आवाज फाटतो, मग कोणतंही तंत्र कामाला येत नाही. जरा दूर राहा.

बडोदेकर:

मी वडोदऱ्याचा. नवरात्रात गरब्याचं शूटिंग करतो, म्हणून उजेडाबद्दल दोन गोष्टी.

आपली वीज ५० हर्ट्झची. कॅमेरा सेकंदाला २५ फ्रेमवर (चित्रांवर) आणि शटर १/५० सेकंदावर ठेवा. बऱ्याच कॅमेऱ्यांत आधी पाल-एनटीएससी (टीव्हीच्या दोन पद्धती) यातलं एक निवडावं लागतं, तिथे पाल निवडा, तेव्हा कुठे २५ दिसतं. ३० फ्रेम आणि १/६० वर ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकताना दिसतील. पण झांकीवरचे दिवे जनरेटरवर चालतात आणि जनरेटर नेमका ५० वर राहीलच असं नाही. त्यात एलईडीच्या माळांचं लुकलुकणं वेगळंच. त्यामुळे झांकी निघायच्या आधी शेडमध्ये दिव्यांची चाचणी होते तेव्हा कॅमेरा घेऊन जा, १/५० आणि १/१०० दोन्ही करून बघा, ज्यात पट्टे कमी तो आकडा लिहून ठेवा.

दुसरं, एक्स्पोजर, म्हणजे चित्राचा उजेड, झांकीवरच्या चेहऱ्यांना लावा. रस्ता काळा राहिला तर राहू द्या. अंधार उजळायच्या नादात मूर्ती पांढऱ्याफटक पडल्या की त्या परत येत नाहीत.

लष्करकर:

ग्वाल्हेरहून. माझं मत थोडं वेगळं आहे. मोबाइल बरा आहे म्हणताय ना, मग आधी त्यावर ब्लॅकमॅजिकचं फुकट कॅमेरा ॲप टाका (तुमच्या मोबाइलवर चालतं का तेवढं बघा), वायरचा माइक घ्या आणि लगेच दोन बाबांच्या मुलाखती करून टाका. सत्तरीपार माणसं आहेत, कॅमेऱ्याची निवड होईपर्यंत त्यांनी का थांबायचं? मी आमच्याकडच्या जुन्या गवयांच्या घरी असंच केलं, मोबाइल, एक माइक आणि खिडकीचा उजेड एवढ्यावर.

एक काळजी घ्या. मोबाइलचा मूळ कॅमेरा फ्रेमचा वेग कमी-जास्त करत राहतो, मग वेगळा रेकॉर्ड केलेला आवाज लांब मुलाखतीत ओठांपासून सरकतो. ॲपमध्ये २५ पक्कं करा. सुरुवातीला समोर एक टाळी वाजवा, जुळवायला सोपं जातं.

चिमणबागवाली:

सगळ्यांचे मनापासून आभार. लष्करकर दादा, तुमचं वाचून मी आजच एका बाबांना फोन केला, ते रविवारी या म्हणाले. दोन शंका आहेत. कार्ड आणि साठवणुकीचं काय? आणि मिरवणुकीत उभं कुठे राहू? एकटी बाई, हातात भाड्याचा महाग कॅमेरा, घरचे काळजीत आहेत.

रात्रपाळी:

रविवारचं ठरवलंत हे फार चांगलं केलंत.

कार्ड व्ही३० खूण (वेगाची) असलेलं घ्या. ४के १०० मेगाबिटवर एका तासाला ४५ जीबी लागतात, म्हणजे ६४ चं कार्ड जेमतेम सव्वा तास. १२८ ची दोन घ्या, एकच मोठं नको. जेल रोडला मोबाइलच्या सामानात स्वस्त कार्डं मिळतात, त्यात नकलीही असतात. बिल घ्या, आणि घरी आल्यावर एच२टेस्टडब्ल्यू नावाच्या फुकट प्रोग्रॅमने पूर्ण भरून तपासा. वर १२८ लिहिलेलं आणि आत ३२ निघालेलं कार्ड मी गिऱ्हाइकाच्या हातात पाहिलंय, पहिल्या ३२ नंतरचं सगळं गेलं होतं. शूट झाल्यावर दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर प्रत काढल्याशिवाय कार्ड पुसायचं नाही. त्यातली एक डिस्क दुसऱ्याच्या घरी ठेवा.

एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती पुरते. १६ जीबीवर ४के अडखळेल, म्हणून आधी प्रॉक्सी, म्हणजे एडिटिंगपुरत्या हलक्या प्रती, बनवून घ्या. भाड्याच्या ए७ एस ३ वर एक्सएव्हीसी एस या फाइल प्रकारात, ८-बिट, साध्या रंगात शूट करा. एस-लॉग (नंतर रंग चढवायचं फिकट चित्र) सुंदर असतं, पण शिकायला वेळ लागतो आणि ती रात्र पुन्हा मिळणार नाही.

उभं राहायचं तर रस्त्यावर राहूच नका. झांकीच्या आगेमागे अखाडे (कसरती करणारी पथकं) असतात, लाठ्या, तलवारी फिरत असतात, लोक मागे रेटतात. जवाहर मार्गावर किंवा राजवाड्याच्या अलीकडे एखाद्या ओळखीच्या घराची पहिल्या मजल्याची गॅलरी आठवडाभर आधी विचारून ठेवा. झांकीवरची मुख्य मूर्ती साधारण त्याच उंचीला येते, चित्र समोरासमोर मिळतं. दुसऱ्या मजल्यावरून सगळ्यांची डोकीच दिसतात. मामेभावाला मोबाइल देऊन खाली ठेवा, गर्दीतलं तो घेईल. भाड्याच्या दुकानातून निघण्याआधी त्यांच्याचसमोर बॉडी, लेन्स, बॅटऱ्या, सगळ्याचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा आणि त्यांनाच पाठवा.

पाऊस धरून चाला, तो बहुतेक वर्षी जाता जाता येतोच. मोठी पारदर्शक पिशवी, रबरबॅंड, दोन कोरडे सुती रुमाल. आणि त्या रात्री झांकी बनवणाऱ्या बाबांपैकी एकाच्या सोबत कुणीतरी नक्की असू द्या. ते झांकीच्या पुढे न चालता मागे, जनरेटरच्या ट्रॉलीजवळ चालतात. मोटर अडकली की तेच धावतात. गॅलरीतून ते तुम्हाला दिसणार नाहीत, मामेभावाला तिकडे पाठवा.