जुन्या बुलेटला ऑइल टेंपरेचर मीटर कुठे बसवू?

राजवाडा रायडर: मंडळी, माझी जुनी कास्ट आयर्न इंजिनची बुलेट 350 आहे, मे महिन्यात इंदूरच्या ट्रॅफिकमध्ये किंवा परतताना भेरूघाट चढताना इंजिन इतकं तापतं की काळजीच वाटते. मीटर घ्यायचाय पण सेन्सर कुठे लावू, ड्रेन बोल्टमध्ये (खालून तेल काढायचा बोल्ट) की दुसरीकडे?

माळवा बुलेट: ड्रेन बोल्टवालं रीडिंग चांगलं मिळतं पण सेन्सर खाली लोंबतो, आपल्याकडचे स्पीडब्रेकर बघता दगड लागला की तेल रस्त्यावर, मी तर नकोच म्हणेन. त्यापेक्षा डिपस्टिकच्या (तेलाची पातळी बघायच्या पट्टीच्या) जागी बसणारा थर्मामीटर घे, वायरिंगच नाही. फक्त थ्रेड (आटे) आणि दांड्याची लांबी आधी मोजून घे भाऊ, आत काही घासायला नको.

रात्रपाळी: इलेक्ट्रिक घेणार असशील तर गाडी 6 व्होल्ट की 12 ते आधी बघ. आणि एका वायरचा सेन्सर अर्थ थ्रेडमधूनच घेतो, टेफ्लॉन टेप गुंडाळलीस तर काटा चुकीचं दाखवेल.

राजवाडा रायडर: डिपस्टिकवालाच घेतो मग. किती डिग्रीला घाबरायचं?

माळवा बुलेट: 90 ते 110 ठीक. 130 च्या वर जायला लागलं तर सावलीत थांबव, आणि टायमिंग, कार्ब्युरेटर चेक कर, मिक्श्चर लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असलं तरी इंजिन तापतं.