शालेय रोबोटिक्स स्पर्धा: एकास एक लढती ठेवाव्यात की युतीचे सामने?

दादरचे शिक्षक:
नमस्कार. डिसेंबरात आमच्या शाळेच्या सभागृहात मुंबई-ठाण्यातल्या 12 शाळांची रोबोटिक्स स्पर्धा घ्यायची आहे. गेल्या वर्षी आम्ही बाद पद्धतीने एकास एक लढती ठेवल्या होत्या. पहाटेची लोकल पकडून कल्याणहून आलेल्या संघाच्या बॅटरीची पिन पहिल्याच लढतीत निसटली आणि साडेदहाला ती मुले घरी जायला मोकळी झाली. या वेळी फर्स्ट टेक चॅलेंज या शालेय रोबोटिक्स स्पर्धेप्रमाणे दोन-दोन संघांच्या युत्या करून त्यांच्यात सामने लावावेत, असा विचार आहे. परंतु चिठ्ठीत कच्चा जोडीदार आला तर चांगल्या संघाने काय करायचे, असे सहकारी विचारतात. जाणकारांनी मत द्यावे.

माजी ड्रायव्हर, मुलुंड:
सर, शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर सामन्यांच्या संख्येत आहे. प्रत्येक संघाला 5 सामने द्यायचे आणि एका सामन्यात 4 संघ उतरवायचे, तर एकूण 15 सामने होतात. फर्स्ट टेक चॅलेंजचा सामना अडीच मिनिटांचा असतो. पहिले 30 सेकंद रोबो स्वतःच्या प्रोग्रॅमवर चालतो आणि पुढची 2 मिनिटे ड्रायव्हरच्या हातात असतात. मांडामांडीसह दर 8 मिनिटांनी एक सामना लावला तरी प्राथमिक फेरी 2 तासांत आटोपते. पाच वेळा पाच वेगळे जोडीदार मिळाले की एका वाईट चिठ्ठीचा फटका बराचसा विरतो. तीनच सामने ठेवलेत तर तो विरणार नाही. शिवाय क्रम निव्वळ जय-पराजयावर लावू नये. फर्स्ट याच संस्थेच्या फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशन या मोठ्या रोबोंच्या स्पर्धेत ठरावीक कामगिरीसाठीही क्रमवारीचे गुण मिळतात, त्यामुळे हरलेली युतीही अगदी रिकाम्या हाताने परतत नाही.

पंच, बोरिवली:
न्यायाचा हिशेब पटला, सहकार्याचा नाही. एका स्पर्धेत मी पंच असताना तगड्या संघाने सामन्याआधी जोडीदाराला सांगितले, "तुम्ही कोपऱ्यात उभे राहा, आमच्या वाटेत येऊ नका." त्या मुलांनी खरोखरच रोबो भिंतीला लावून ठेवला, आणि ती युती जिंकली. कागदावर ते सहकार्यच! माझ्या मते प्राथमिक फेरी व्हेक्स आयक्यू या दुसऱ्या शालेय रोबोटिक्स स्पर्धेच्या धर्तीवर घ्यावी: 60 सेकंद, दोन रोबो, समोर प्रतिस्पर्धी नाही आणि दोघांना सारखेच गुण. तिथे दर 4 सामन्यांमागे सर्वांत कमी गुणांचा एक सामना वगळतात, म्हणजे कल्याणच्या मुलांसारखी पिन निसटली तरी दिवस बुडत नाही. प्रेक्षकांना चुरस कमी वाटेल, हे मात्र मान्य करावे लागेल. फर्स्ट संस्थेनेही 2001 मध्ये चारही संघ एकाच बाजूला घेऊन पाहिले होते आणि पुढच्याच वर्षी ते दोनास दोनवर परतले.

माजी ड्रायव्हर, मुलुंड:
कोपऱ्याचा किस्सा ओळखीचा वाटला; आम्हीही एकदा तसेच उभे राहिलो आहोत. म्हणून प्राथमिक फेरीपुरते आपले म्हणणे मान्य. अंतिम फेरीत मात्र निवडीच्या युत्या ठेवाव्यात. पहिल्या 4 संघांनी कर्णधार व्हायचे, पहिल्या फेरीत 1 ते 4 आणि दुसऱ्या फेरीत उलट 4 ते 1 या क्रमाने एकेक संघ निवडायचा; म्हणजे 12 ही संघ 4 युत्यांत सामावतात, आणि पहिल्या क्रमांकाला दोन्ही उत्तम संघ उचलता येत नाहीत. प्रत्येक युतीच्या तिन्ही रोबोंना निदान एकदा उतरवण्याची अट घालावी. निवड होणार हे माहीत असले की मुले वही घेऊन इतरांचे सामने टिपू लागतात. आमच्या रोबोला काही उचलता येत नसे, पण शेवटी ठरलेल्या चौकोनात तो न चुकता थांबे. तेवढी एक ओळ दुसऱ्या शाळेच्या मुलीच्या वहीत होती आणि त्यावरच आमची निवड झाली.

दादरचे शिक्षक:
आपणा दोघांचेही आभार. प्राथमिक फेरी पंचांच्या पद्धतीने 5 सामन्यांची, त्यातला सर्वांत कमी गुणांचा एक वगळून, आणि अंतिम फेरी निवडीच्या युत्यांची घेतो. प्रतिस्पर्धी नसल्यामुळे एका सामन्यात दोनच संघ उतरतील, म्हणजे सामने 15 नव्हे, 30 होतील. पण सामना मिनिटाचाच असल्याने मैदाने दोन आखली की वेळ जमेल. लॅमिंग्टन रोडवरून बॅटरीच्या पिनांचे जादा जोडही आणून ठेवतो.